घरबसल्या एम.एस्सी. आणि गणिताच्या शिक्षकाची वाट

विद्येला वय नसते, हे वाक्य आपल्या घरांतून मोठ्या कौतुकाने उच्चारले जाते. परंतु त्याच घरातील सुनेने तिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक हाती घेतले, की तेच घर विचारते, ‘आता हे कशाला?’ हा प्रश्न सर्वस्वी चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. संसाराचा पैसा मोजका असतो, दिवसाचे तास मोजके असतात, आणि दोन्ही एकदा खर्ची पडले की परत मिळत नाहीत. म्हणून या प्रश्नाला रागाने वा आवेशाने उत्तर न देता शांतपणे, हिशेबाने उत्तर द्यावे, या हेतूने आजचा हा लेख आम्ही लिहीत आहोत.

विषय असा. हल्ली मोबाईलच्या पडद्यावर ‘घरबसल्या पदवी मिळवा’ अशा जाहिराती दररोज दिसतात. आपल्या गावांतील काही मुलेमुली शिक्षण, नोकरी वा विवाह यांच्या निमित्ताने गुजरातेत जाऊन राहतात. वसईहून उत्तरेकडे जाणारी गाडी त्यांना थेट बडोद्यास, म्हणजे आजच्या वडोदऱ्यास, पोचवते. अशांपैकी एखाद्या मुलीची कल्पना करा. गणित घेऊन तिने बी.एस्सी. केले आहे. पती कोयलीच्या बाजूस कारखान्यात कामाला आहे, पदरी दोन मुले आहेत, आणि आपण गणिताची शिक्षिका व्हावे ही इच्छा तिच्या मनात अजून जिवंत आहे. रोज महाविद्यालयात जाणे तिला शक्य नाही. तिने ऑनलाइन एम.एस्सी. करावी काय? आणि ती केल्यावर तिला खरोखर वर्गात उभे राहता येईल काय?

पेट्यांतून गावोगाव गेलेली विद्या

ज्या शहरात ही मुलगी राहते त्या शहराला हा प्रश्न नवा नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. गादीवर आल्यानंतरच त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले, आणि आपल्याला उशिरा मिळालेली विद्या प्रजेला वेळेवर मिळावी म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला, आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. मुलांप्रमाणे मुलींनाही.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य अधिक जवळचे आहे. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे ग्रंथालय उभारणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविण्यात येत. वाचकाने ग्रंथालयाकडे जाण्याऐवजी ग्रंथालयच वाचकाच्या दारी येई. विद्या वाड्याबाहेर पडून चुलीपर्यंत पोचली पाहिजे, हा विचार बडोद्यात शतकापूर्वीच रुजला होता. आज त्या पेटीची जागा पडद्याने घेतली आहे, इतकेच.

याच बडोद्यात विनोबा भावे यांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण झाले. गणित हा त्यांचा जिवाभावाचा विषय होता. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीच्या वाटेस लागले. आपली प्रमाणपत्रे त्यांनी अग्नीत टाकली होती. विद्या आणि प्रमाणपत्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा त्यातून घ्यावा. तथापि विनोबांना नोकरी करावयाची नव्हती. ज्याला शाळेत शिकवायचे आहे त्याला विद्याही हवी आणि प्रमाणपत्रही हवे.

टपालापासून पडद्यापर्यंत

घरी राहून पदवी घेण्याची प्रथा पुष्कळ जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षांस बसण्याची मुभा दिली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, आणि टपालाने आलेली टिपणे वाचून कित्येक नोकरदार पदवीधर झाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, तर १९९४ साली गुजरातेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ निघाले. पुढे आय.आय.टी. संस्थांच्या प्राध्यापकांची व्याख्याने संगणकावर मोफत पाहता येऊ लागली, आणि २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ ही व्यवस्था सुरू केली. मुंबई वा मद्रासच्या नामांकित संस्थेत शिकविला जाणारा रेषीय बीजगणिताचा पाठ आज बडोद्याच्या स्वयंपाकघरात ऐकता येतो, आणि एक पैसाही न देता. म्हणून आमचा पहिला सल्ला असा: फी भरण्यापूर्वी असा एखादा मोफत पाठ्यक्रम पूर्ण करून पाहावा. तो पुरा झाला नाही, तर दोन वर्षांची पदवीही पुरी होणे कठीण आहे, हे पैसे न गमावता कळेल.

खरी पदवी ओळखावी कशी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे नियम २०२० साली जाहीर केले. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन वा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असा खुलासा आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केला. तेव्हा ‘घरची पदवी म्हणजे कमी दर्जाची’ हा समज कायद्याच्या दृष्टीने टिकत नाही.

परंतु या वाक्यातील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर सारा भार आहे. विद्यापीठ मान्य असणे पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट पद्धतीने आणि ज्या सत्रात आपण प्रवेश घेतो त्या सत्रासाठी, मान्य असला पाहिजे. या तिन्ही गोष्टी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. एखाद्या दुकानाच्या माडीवरील ‘अभ्यासकेंद्रा’चा चालक ‘सर्व व्यवस्था आम्ही करतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ असे म्हणू लागला, की तेथून उठून यावे. आयोगाच्या नियमांत अशा मक्तेदारीने चालविलेल्या केंद्रांना जागा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट बडोद्याच्या मुलीने ध्यानात ठेवावी. राज्याच्या विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण त्या राज्याच्या हद्दीपुरतेच चालते. म्हणून मराठीच्या प्रेमापोटी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे केंद्र बडोद्यात शोधण्यात अर्थ नाही. इंदिरा गांधी विद्यापीठ देशभर चालते, आणि मान्यता मिळालेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला राज्याची हद्द आड येत नाही.

पदवी म्हणजे शिक्षकपद नव्हे

येथे अनेक कुटुंबांची फसगत होते, म्हणून हा भाग आम्ही सावकाश मांडतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली शिक्षकांची किमान पात्रता ठरविली. त्यानुसार नववी-दहावीस शिकविण्यासाठी पदवी आणि बी.एड. लागते. अकरावी-बारावीस शिकविण्यासाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तिच्या जोडीला बी.एड. हवेच. म्हणजे एम.एस्सी. ही बी.एड.च्या जागी चालत नाही. ती तिच्या शेजारी उभी राहते.

आणि बी.एड. मात्र घरबसल्या होत नाही. ज्यांनी आधीच प्रत्यक्ष वर्गातून अध्यापनाचे मान्य प्रशिक्षण घेतले आहे अशांसाठीच दूरस्थ बी.एड.ची सोय आहे. इतरांना दोन वर्षे महाविद्यालयात जावे लागते. त्यांत २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. हे योग्यच आहे असे आमचे मत आहे. पोहणे पुस्तकावरून येत नाही, तसे पन्नास चुळबुळ्या मुलांना एका समीकरणावर खिळवून ठेवणे पडद्यावरून येत नाही. बडोद्याच्या मुलीचे भाग्य असे, की महाराजांच्या नावाने १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा आहे, आणि हा टप्पा तिला गावातच गाठता येईल.

यानंतर सरकारी व अनुदानित शाळांसाठी राज्याची चाचणी असते. गुजरातेत माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षकांसाठी ‘टॅट’ ही अभियोग्यता परीक्षा राज्य परीक्षा मंडळ घेते. महाराष्ट्रात शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते, आणि ‘पवित्र’ या संगणकीय व्यवस्थेतून निवड होते. गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकवायचे तर गुजराती भाषेवरही पकड हवी. जाहिरातीतील एका ओळीमागे एवढे टप्पे दडलेले असतात.

म्हणून क्रमाचा विचार आधी करावा. जी व्यक्ती बी.एस्सी., बी.एड. होऊन नववी-दहावीस आधीच शिकवीत आहे, तिला ऑनलाइन एम.एस्सी. सर्वांत जास्त लाभदायक ठरते. नोकरी न सोडता ती वरच्या वर्गांची पात्रता मिळवते, आणि आज शिकलेले उद्या फळ्यावर पारखून पाहते. जिच्यापाशी बी.एड. नाही तिने मुले लहान असेपर्यंत घरून एम.एस्सी. करावी, आणि ती शाळेत जाऊ लागली की बी.एड.ला प्रवेश घ्यावा. पण घरात चार पैसे लवकर येणे ज्यांना निकडीचे आहे, त्यांनी आधी बी.एड. करणे श्रेयस्कर.

दिवसाचे सव्वातीन तास

आता वेळेचा हिशेब. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला सामान्यतः ८० श्रेयांक असतात. इंदिरा गांधी विद्यापीठाच्या रीतीप्रमाणे एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास धरला जातो. गुणाकार केला तर २,४०० तास होतात. दोन वर्षांचे १०४ आठवडे. म्हणजे आठवड्यास सुमारे २३ तास, अथवा रविवार धरून दररोज सव्वातीन तासांहून थोडे अधिक. चार वर्षांत पुरी करण्याची मुभा असेल तेथे हा भार निम्मा होतो.

हे सव्वातीन तास कोठून आणावयाचे? येथे आमचे बोलणे त्या मुलीशी नाही. ते तिच्या पतीशी, सासूबाईंशी आणि सासऱ्यांशी आहे. पहाटेचा एक तास ती आपल्या झोपेतून काढील. उरलेले सव्वादोन तास घराने द्यावे लागतात. कोणी मुलांना अंघोळ घालावी, कोणी भाजी निवडावी, कोणी दूरदर्शन संचाचा आवाज कमी करावा. ज्या घरात ‘शीक बाई, आमची काही हरकत नाही’ एवढेच म्हटले जाते आणि एकही काम उचलले जात नाही, त्या घराने परवानगी दिली खरी, पण वेळ दिला नाही. आणि गणिताला परवानगी पुरत नाही, वेळ लागतो.

पडद्यावरून गणित येते काय?

काही जुने शिक्षक म्हणतात, गणित फळ्यासमोरच शिकावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पडद्यावरील व्याख्यान कितीही वेळा मागे नेऊन ऐकता येते, हा मोठाच लाभ. वर्गातील प्राध्यापकास कोणी दहा वेळा ‘पुन्हा सांगा’ म्हणत नाही. परंतु ऐकताना सर्व काही समजल्यासारखे वाटते आणि वही उघडली की पहिल्याच ओळीला लेखणी अडते. वर्गातील गुरूला विद्यार्थ्याचे ते अडणे चेहऱ्यावर दिसते. पडद्याला दिसत नाही.

यावर उपाय आहेत. एक तासभर व्याख्यान ऐकले तर दोन तास वहीवर उदाहरणे सोडवावीत. उत्तर न पाहता सिद्धता लिहावी, आणि जेथे अडले तेथे प्रश्नचिन्ह काढून ठेवावे. महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे ती प्रश्नचिन्हे घेऊन जावे. त्याच अभ्यासक्रमाची एखादी सोबतीण शोधावी. आणि शेजारची चार मुले गोळा करून त्यांना शिकवावे, कारण शिकविताना स्वतःचे अज्ञान जितके स्पष्ट दिसते तितके परीक्षेतही दिसत नाही.

कोणी विचारील, बारावीच्या मुलांना शिकविण्यासाठी वास्तव विश्लेषण, अमूर्त बीजगणित, संस्थिती असले जड विषय कशाला? एक साधे उदाहरण घ्या. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे आपण सर्वांनी घोकले. का, असे विचारणाऱ्या मुलास ‘नियमच आहे’ असे उत्तर मिळते, आणि त्या दिवशी त्याचा गणितावरील विश्वास थोडा उडतो. चांगला शिक्षक म्हणेल, ‘दुकानदाराच्या वहीत तुझ्या नावे तीन-तीन रुपयांच्या उधारीच्या दोन नोंदी आहेत. त्या दोन्ही त्याने खोडल्या, तर तू किती रुपयांनी सुधारलास?’ सहा रुपयांनी. उधारी उणे, खोडणेही उणे, आणि फळ मात्र अधिक. अधिक शिकलेला शिक्षक त्यापुढे एक पाऊल जाईल. दोन आणि उणे दोन यांची बेरीज शून्य, आणि शून्याला उणे तीनने गुणले तरी शून्यच. आता उणे तीन गुणिले दोन म्हणजे उणे सहा. मग बेरीज शून्य राहण्यासाठी उणे तीन गुणिले उणे दोन हे अधिक सहाच असले पाहिजेत, दुसरे काही असूच शकत नाही. नियम कोणी लादलेला नसून तो अपरिहार्य आहे, हे मुलास दिसते. वरच्या वर्गातील अमूर्त बीजगणित हीच दृष्टी देते. मुलांना ते जसेच्या तसे शिकवायचे नसते. त्यांच्या ‘का’ला न घाबरण्याचे बळ त्यातून मिळवायचे असते.

दोन दीपस्तंभ

आपल्याच किनाऱ्यावरील डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. तरीही ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. घरातील मुलांना हा खेळ आज रात्रीच करू द्या. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहील. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत आपण तेथेच पोचतो. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि एका शाळामास्तराचे नाव सातासमुद्रापलीकडे गेले. पदवी नसतानाही जिज्ञासा असली तर काय होते, हे कापरेकरांनी दाखविले. पदवी असून जिज्ञासा नसली तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरे नाव डॉ. मंगला नारळीकर यांचे. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झाल्या. पुढे विवाह, परदेशातील संसार, मुलींचे संगोपन हे सर्व झाले, आणि १९८१ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. मुलांसाठी सोप्या मराठीत गणित लिहिणे हे त्यांनी आपले व्रत मानले. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘बावीस’सोबत ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. लहान मुलांचा जोडाक्षरांचा व उलट्या क्रमाचा गोंधळ टळावा ही त्यामागील भूमिका त्यांनी शांतपणे मांडली. ती भूमिका कोणास पटो वा न पटो, विद्वत्तेच्या शिखरावरील व्यक्ती सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अडचणीपाशी थांबली, ही गोष्ट मोठी आहे. २०२३ साली त्यांचे निधन झाले. संसारामुळे विद्येत पडलेला खंड म्हणजे विद्येचा शेत नव्हे वा शेवटही नव्हे, पुन्हा नांगर घालता येतो, हे त्यांच्या चरित्रावरून आपल्या घरांनी शिकावे.

शेवटचा हिशेब

पुन्हा त्या बडोद्याच्या मुलीकडे वळू. तिसाव्या वर्षी तिने आरंभ केला, दोन वर्षे एम.एस्सी. आणि दोन वर्षे बी.एड. यांत गेली, तर चौतिसाव्या वर्षी ती चाचणीस बसण्यास सिद्ध होईल. नोकरी त्याच वर्षी लागेल असे कोणी सांगू शकत नाही. पण लागली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती धरली, तर तिच्या हाती २४ वर्षे उरतात. दरवर्षी एका वर्गात ६० मुले धरली तरी १,४४० मुले होतात. त्यांतील बहुतेकांच्या मनात गणिताची भीती असेल. ती भीती घालवायची की आणखी घट्ट करायची, हे तिच्या हाती असेल.

आणि सरकारी नोकरी मिळालीच नाही तर? तरीही तिच्या स्वतःच्या दोन मुलांना शिकवणीवाल्याचे दार ठोठवावे लागणार नाही, आणि गल्लीतील दहा मुले संध्याकाळी तिच्या ओटीवर बसतील. खाजगी शाळांचे दारही तिला उघडे राहील. मात्र कर्ज काढून, दागिने गहाण टाकून कोणी या वाटेस लागू नये. मान्यता तपासावी, मोफत पाठ आधी करून पाहावेत, बी.एड.चा टप्पा विसरू नये, आणि सव्वातीन तासांची वाटणी घरातील सर्वांनी जेवणाच्या वेळी एकत्र बसून ठरवावी.

सयाजीरावांच्या पेट्या गावात येत तेव्हा त्या उघडण्यासाठी कोणाला तरी पुढे व्हावे लागे. आज पेटी प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या घरातील कोणी ती गणितासाठी उघडत असेल, तर निदान तिच्या हातून ती काढून घेऊ नये. आणि जमल्यास तिच्या वाटची भांडी आज आपण घासावीत.